'थँक यू फॉर कॉलिंग' की 'फॉर कॉल'? धंद्याच्या इंग्रजीतला एक छोटा नियम, जो ऑर्डर वाचवतो



व्हिडिओमध्ये आपण हा विषय थोडक्यात घेतला होता. लिहून ठेवलेलं असलं की मेसेज टाइप करताना पटकन उघडून बघता येतं, म्हणून इथे तो सविस्तर देतोय. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. आधी मोठ्यानं वाचा, कानाला सवय होऊ द्या, मग मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

आधी हा मेसेज वाचा. समजा, कशेडीच्या एका महिला बचत गटानं पुण्यातल्या हॉटेलवाल्याला तो पाठवला:

"थँक यू फॉर कॉन्टॅक्ट अस. वी आर इंटरेस्टेड इन सप्लाय कोकम आगळ टु युवर हॉटेल. वी यूज्ड टु सप्लाय 200 बॉटल्स एव्हरी मंथ. वी विल डिस्पॅच आफ्टर रिसिव्ह्ड ॲडव्हान्स. लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू."

भावना चांगली, माल चांगला, भावही ठीक. पण पाच वाक्यांत पाच चुका आहेत. त्यातल्या चार चुका समोरचा माणूस समजून घेईल. पाचवी मात्र थेट नुकसान करणारी आहे. तिसरं वाक्य वाचून हॉटेलवाल्याला असं कळतं की "आम्ही पूर्वी महिन्याला 200 बाटल्या द्यायचो, आता देत नाही." म्हणजे जी गोष्ट आपली ताकद म्हणून सांगायची होती, तीच उलटी पोचली! हे कसं झालं ते पुढे बघूच.

हे आपल्याला कशाला हवं?

तुम्ही म्हणाल, आपलं गिऱ्हाईक मराठी, आपल्याला इंग्रजी कशाला? आपल्याच भागाचं चित्र बघा. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर सोडलं की कशेडी घाट लागतो आणि घाट उतरलं की खेड तालुका, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. वर्षानुवर्षं घाटातला धंदा थांबणाऱ्या गाडीवर चालला. चहा, वडापाव, सरबत, जाता जाता घरी न्यायला आगळाची बाटली. 2023 मध्ये कशेडीच्या बोगद्यातून गाड्या जायला लागल्या. प्रवाशांची सोय झाली, यात वादच नाही. पण वळणावर थांबणारं गिऱ्हाईक आता डोंगराच्या पोटातून सरळ निघून जाऊ शकतं. ते आपल्याकडे आलं नाही, तर आपल्याला त्याच्याकडे जावं लागणार. आणि जायचं कसं? फोनवरून, व्हॉट्सॲपवरून, ऑनलाइन बाजारातून.

दुसरी बाजूही बघा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात रायगड आहे आणि प्रतापगडही आहे. रायगडाला जाणारा माणूस महाडला येतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटानं वर गेलं की प्रतापगडाचा फाटा. म्हणजे होमस्टे, जेवण, गाडी, गाइड या कामात परप्रांतातला आणि परदेशातला पाहुणा वाढू शकतो. त्याचा पहिला मेसेज इंग्रजीत येणार आणि त्याला पहिलं उत्तरही इंग्रजीतच द्यावं लागणार.

सगळं व्याकरण पाठ करायची गरज नाही. पण धंद्याच्या मेसेजमध्ये एक नियम जवळजवळ प्रत्येक ओळीत लागतो. तो पक्का करू.

नियम एका ओळीत

इन, फॉर, ऑफ, अबाउट, बाय, विदाउट, आफ्टर, बिफोर असे शब्द आले आणि त्यांच्यामागून क्रियापद आलं, तर त्या क्रियापदाला 'इंग' लावायचं.

फॉर कॉलिंग. इन सेलिंग. बिफोर पॅकिंग. विदाउट आस्किंग. बस, एवढंच.

या छोट्या शब्दांना इंग्रजीत प्रेपोझिशन म्हणतात आणि 'इंग' लावून नाम बनलेल्या क्रियापदाला गेरंड म्हणतात. नावं विसरलात तरी चालेल, जोडी विसरू नका.

हे आपल्याला मराठीत आधीच येतं!

शाळेत सामान्यरूप शिकलो होतो, आठवतंय? 'दुकान' या शब्दाला 'समोर' जोडताना आपण 'दुकानसमोर' म्हणत नाही, 'दुकानासमोर' म्हणतो. शब्दयोगी अव्यय लागायच्या आधी शब्द थोडा बदलतो. क्रियापदाचंही तसंच. 'करणे' ला 'बद्दल' जोडायचं तर 'करण्याबद्दल' होतं. 'कर बद्दल' असं कुणी म्हणेल का? नाही. कानालाच खटकेल.

इंग्रजी माणसाच्या कानाला 'फॉर कॉल अस' अगदी तसंच खटकतं. मराठीत अव्यय मागून येतं आणि क्रियापदाला 'ण्या' होतो. इंग्रजीत अव्यय पुढे येतं आणि क्रियापदाला 'इंग' लागतं. क्रम उलटा आहे, विचार तोच. अव्ययाला नाम लागतं. क्रियापदाला तिथे बसायचं असेल तर त्यानं नामाचा पोशाख घालायचा.

मग चूक होते कुठे? मराठी एकाच जागी वेगवेगळी रूपं वापरते, आणि आपण भाषांतर करताना ती रूपं ओढून आणतो. हे बघा:

- पाठवण्याआधी → बिफोर सेंडिंग
- मिळाल्यावर → आफ्टर रिसिव्हिंग
- कळवल्याबद्दल → फॉर इन्फॉर्मिंग
- न विचारता → विदाउट आस्किंग
- मीठ घालून → बाय ॲडिंग सॉल्ट

मराठीत ण्या, ल्या, न-ता, ऊन अशी चार वेगळी रूपं झाली. 'मिळाल्यावर' मध्ये भूतकाळाचा वास येतो, म्हणून हात आपोआप 'आफ्टर रिसिव्ह्ड' टाइप करतो. 'न विचारता' मध्ये काळच दिसत नाही, म्हणून 'विदाउट आस्क' होतं. इंग्रजीत या सगळ्यांना एकच साचा आहे, 'इंग'. म्हणजे या बाबतीत इंग्रजी मराठीपेक्षा सोपी आहे!

मराठी वाक्य घेऊन त्याचं इंग्रजी करायची ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. आपण तीच वाट धरू, फक्त उदाहरणं आपल्या दुकानातली घेऊ.

धंद्यात रोज लागणाऱ्या जोड्या

*फॉर* (आभार, माफी, जबाबदारी)
"थँक यू फॉर पेइंग इन ॲडव्हान्स." आगाऊ पैसे दिल्याबद्दल आभार.
"सॉरी फॉर रिप्लाइंग लेट." उत्तर द्यायला उशीर झाल्याबद्दल माफ करा.
"हू इज रिस्पॉन्सिबल फॉर पॅकिंग?" पॅकिंगची जबाबदारी कुणाची?

*इन* (आवड, अनुभव)
"वी आर इंटरेस्टेड इन सेलिंग थ्रू युवर शॉप." तुमच्या दुकानातून विकण्यात आम्हाला रस आहे.
"वी हॅव टेन इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स इन मेकिंग पापड." पापड बनवण्याचा दहा वर्षांचा अनुभव आहे.

*बिफोर आणि आफ्टर* (आधी, नंतर)
"प्लीज चेक द सील बिफोर साइनिंग." सही करण्याआधी सील तपासा.
"वी डिस्पॅच आफ्टर रिसिव्हिंग द ॲडव्हान्स." ॲडव्हान्स मिळाल्यावर माल पाठवतो.

इथे एक सवलत आहे. बिफोर आणि आफ्टर यांच्यापुढे कर्ता घालून पूर्ण वाक्य जोडलं तर 'इंग' नको: "आफ्टर वी रिसिव्ह द ॲडव्हान्स". एक तर 'आफ्टर रिसिव्हिंग', नाहीतर 'आफ्टर वी रिसिव्ह'. मधलं 'आफ्टर रिसिव्ह' किंवा 'आफ्टर रिसिव्ह्ड' चालत नाही.

*विदाउट* (न करता)
"वी डू नॉट स्टार्ट विदाउट टेकिंग ॲडव्हान्स." ॲडव्हान्स घेतल्याशिवाय काम सुरू करत नाही.

*बाय* (अमुक करून)
"यू कॅन पे बाय स्कॅनिंग धिस कोड." हा कोड स्कॅन करून पैसे देता येतील.

*इन्स्टेड ऑफ* (ऐवजी)
"इन्स्टेड ऑफ सेंडिंग ग्लास बॉटल्स, वी कॅन सेंड पाउचेस." काचेच्या बाटल्यांऐवजी पाउच पाठवू शकतो. दूर माल पाठवणाऱ्यांनो, हे वाक्य जपून ठेवा.

नकार द्यायचा असेल तर 'नॉट' आधी येतं: "सॉरी फॉर नॉट आन्सरिंग युवर कॉल."

आता खरी गोम: दोन प्रकारचे 'टु'

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. 'टु' दिसला की आपण साधं क्रियापद लावतो: वॉन्ट टु बाय, नीड टु सेंड. ते बरोबरच आहे. पण 'टु' चं दुसरं रूपही आहे. तिथे तो फॉर किंवा इनसारखाच अव्यय असतो. दोघं दिसतात सारखे, पण कामं वेगळी करतात.

ओळखायचं कसं? 'टु' च्या पुढे क्रियापदाऐवजी एखादं नाम ठेवून बघा. 'युवर ऑर्डर' ठेवा.

"वी लुक फॉरवर्ड टु युवर ऑर्डर." बसलं! म्हणजे हा अव्यय आहे. म्हणून "लुक फॉरवर्ड टु मीटिंग यू."
"वी वॉन्ट टु युवर ऑर्डर." बसत नाही. म्हणजे हा साधा 'टु'. म्हणून "वी वॉन्ट टु मीट यू."

अव्ययवाल्या 'टु' च्या या चार जोड्या पाठ करा, धंद्यात पुरतील:

- लुक फॉरवर्ड टु वर्किंग विथ यू. (तुमच्यासोबत काम करायची उत्सुकता आहे)
- वी आर कमिटेड टु डिलिव्हरिंग ऑन टाइम. (वेळेवर माल द्यायला आम्ही बांधील आहोत)
- इन ॲडिशन टु सेलिंग आगळ, वी मेक फणसपोळी. (आगळ विकण्याशिवाय फणसपोळीही करतो)
- वी आर यूज्ड टु पॅकिंग बल्क ऑर्डर्स. (मोठ्या ऑर्डर पॅक करायची आम्हाला सवय आहे)

ही परीक्षा बहुतेक वेळा पास होते, पण 'अग्री' फसवतो. "वी अग्री टु युवर रेट" बरोबर आहे आणि क्रियापद आलं तर "वी अग्री टु पे" हेच बरोबर. 'अग्री टु पेइंग' करत बसू नका.

एका 'आर' ची किंमत

आता सुरुवातीच्या मेसेजमधली ती महागडी चूक. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा:

"वी यूज्ड टु सप्लाय हॉटेल्स." आम्ही पूर्वी हॉटेलांना माल द्यायचो. आता देत नाही.
"वी आर यूज्ड टु सप्लायिंग हॉटेल्स." हॉटेलांना माल द्यायची आम्हाला सवय आहे, म्हणजे हे आमचं नेहमीचं काम आहे.

फरक कुठे आहे? एक 'आर' आणि एक 'इंग'. पण अर्थ बंद पडलेल्या धंद्यापासून चालू धंद्यापर्यंत बदलला. पहिल्या वाक्यात 'टु' साधा आहे आणि 'यूज्ड टु' म्हणजे मराठीतलं 'द्यायचो, करायचो'. दुसऱ्यात 'टु' अव्यय आहे आणि 'यूज्ड' म्हणजे 'सरावलेले'.

कर्जासाठी अर्ज लिहिताना, पुरवठादार म्हणून नोंदणी करताना, मोठ्या दुकानाला पहिलं पत्र पाठवताना ही दोन वाक्यं गोंधळली तर समोरचा म्हणेल, "यांचं काम तर बंद दिसतंय." तो आपल्याला विचारणारही नाही, पुढच्या पुरवठादाराकडे जाईल. चूक झालीय हे आपल्याला कळतही नाही, हा सगळ्यात मोठा तोटा.

माझा सल्ला: शंका आली तर सरळ वर्तमानकाळ लिहा. "वी सप्लाय 200 बॉटल्स एव्हरी मंथ." सोपं, खणखणीत, आणि चुकायला जागाच नाही.

'साठी' चा सापळा

मराठीत 'साठी' आला की आपण 'फॉर' लावतो आणि आता 'इंग' ही शिकलो, म्हणून लिहितो: "आय केम टु महाड फॉर बाइंग बॉटल्स." इथे नियम जास्तच लागू केला! कुणी काहीतरी कशासाठी केलं, हा हेतू सांगताना इंग्रजीत साधा 'टु' येतो: "आय केम टु महाड टु बाय बॉटल्स."

मग 'फॉर' आणि 'इंग' कधी? वस्तू कशाच्या उपयोगाची आहे, हे सांगताना: "धिस मशीन इज फॉर ग्राइंडिंग नाचणी." हे यंत्र नाचणी दळायचं आहे.

लक्षात ठेवायला सोपं: माणसाचा हेतू असेल तर टु, वस्तूचा उपयोग असेल तर फॉर आणि इंग.

'इंग' कुणी केलं?

परत माल घेण्याच्या अटी लिहिताना हे फार महत्त्वाचं आहे. वाक्य बघा:

"आफ्टर ओपनिंग द बॉटल, वी विल नॉट टेक इट बॅक."

आपल्याला म्हणायचंय की गिऱ्हाइकानं बाटली उघडली तर परत घेणार नाही. पण इंग्रजीत 'इंग' चं काम कुणी केलं हे पुढच्या वाक्याच्या कर्त्यावरून ठरतं. पुढे 'वी' आहे. म्हणजे बाटली आपणच उघडली असा अर्थ निघतो! बरोबर वाक्य: "आफ्टर ओपनिंग द बॉटल, यू कॅनॉट रिटर्न इट." किंवा अजून स्पष्ट: "इफ यू ओपन द बॉटल, वी कॅनॉट टेक इट बॅक." अटींमध्ये गोड भाषेपेक्षा स्पष्ट भाषा बरी.

दोन छोटे अपवाद

'अबाउट' च्या पुढे 'इंग' येतो: "वी आर थिंकिंग अबाउट क्लोजिंग ऑन मंडे." सोमवारी बंद ठेवायचा विचार आहे. पण 'अबाउट टु' ही वेगळी जोडी आहे: "वी आर अबाउट टु क्लोज." आता बंद करतच आहोत. पाहुणा रात्री पोचणार असेल तर हा फरक त्याला कळायला हवा.

दुसरा, 'शिवाय' या अर्थाचा 'बट'. "वी कुड डू नथिंग बट वेट." वाट बघण्याशिवाय काही करता येईना. इथे 'वेटिंग' नाही.

टाइप करताना अक्षरं

मेक, टेक, चार्ज असे शब्द इंग्रजीत 'ई' अक्षरानं संपतात. 'इंग' लावताना ते 'ई' गाळायचं. शिप, कट, रन असे छोटे शब्द असतील तर शेवटचं अक्षर दोनदा: शिपिंगमध्ये दोन 'पी', कटिंगमध्ये दोन 'टी'. पॅक, सेंड, ऑफर, डिलिव्हर यांना नुसतं 'इंग' जोडायचं. मोबाइलचा कीबोर्ड स्पेलिंग सुधारून देतो, पण 'कॉल' च्या जागी 'कॉलिंग' हवं हे तो दर वेळी सांगेलच असं नाही. ते आपल्यालाच माहीत हवं.

आता तोच मेसेज, दुरुस्त करून

"थँक यू फॉर कॉन्टॅक्टिंग अस. वी आर इंटरेस्टेड इन सप्लायिंग कोकम आगळ टु युवर हॉटेल. वी सप्लाय 200 बॉटल्स एव्हरी मंथ. वी विल डिस्पॅच आफ्टर रिसिव्हिंग द ॲडव्हान्स. लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू."

शब्द जवळजवळ तेच आहेत. लांबीही तेवढीच. पण वाचणाऱ्याला हा माणूस पक्का धंदेवाईक वाटेल. हा मेसेज मोबाइलमध्ये सेव्ह करा. आगळाच्या जागी तुमचा माल आणि 200 च्या जागी तुमचा खरा आकडा घाला. आकडा मात्र जेवढा जमतो तेवढाच लिहा, कारण इंग्रजी कितीही छान असलं तरी ऑर्डर वेळेवर पोचली तरच दुसरी येते.

थोडा सराव

कंसातलं क्रियापद बरोबर रूपात लिहा. आधी स्वतः करा, मग खाली बघा.

1. थँक यू फॉर (चूज) अवर होमस्टे.
2. प्लीज कॉल अस बिफोर (लीव्ह) पुणे.
3. वी वॉन्ट टु (ओपन) अ शॉप इन पोलादपूर.
4. वी आर कमिटेड टु (यूज) क्लीन वॉटर.
5. यू कॅन सेव्ह मनी बाय (ऑर्डर) ट्वेल्व्ह बॉटल्स.
6. वी यूज्ड टु (सेल) ओन्ली इन द घाट. नाऊ वी सेल ऑनलाइन.

उत्तरं: 1. चूजिंग. 2. लीव्हिंग. 3. ओपन (साधा टु). 4. यूजिंग. 5. ऑर्डरिंग. 6. सेल. पूर्वी फक्त घाटात विकायचो, आता ऑनलाइनही विकतो. हे सहावं वाक्य आपल्या भागातल्या किती जणांना लवकर लिहायला मिळतं ते बघूया!

आज रात्री एवढंच करा: गेल्या आठवड्यात तुम्ही पाठवलेले पाच इंग्रजी मेसेज उघडा. फॉर, इन, आफ्टर, बिफोर, विदाउट शोधा आणि त्यांच्यापुढचा शब्द तपासा. दुरुस्त केलेलं एक वाक्य व्हिडिओखाली लिहा, मी बघून सांगतो. पुढच्या भागात 'स्टॉप' घेऊ: ऑर्डर घेणं थांबवलं आणि ऑर्डर घेण्यासाठी थांबलो, हे इंग्रजीत एका शब्दानं कसं बदलतं ते.

तोपर्यंत धंदा चालू ठेवा, शिकणंही चालू ठेवा. भेटूया!